वाचक विचारतात : जन्मभर गाडीवर असलेल्या वडिलांविषयी

मालमोटार चालवणाऱ्यांच्या घरांतून या सदराकडे येणारी पत्रे बहुधा अपघात, विमा किंवा परवाना यांविषयी असतात. या महिन्यात मात्र चालकांच्या मुलांनी आणि एका चालकाच्या पत्नीने पाठवलेल्या पत्रांचा मुख्य विषय तो माणूसच आहे, म्हणून संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांना पुढच्या वर्षी पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील. १९७२ साली ते क्लीनर म्हणून गाडीवर चढले, तीन वर्षांनी त्यांना परवाना मिळाला आणि २०१६ पर्यंत त्यांनी ट्रक चालवला. नाशिक जिल्ह्यातला कांदा आणि द्राक्षे घेऊन ते मुंबई, दिल्ली, कोलकात्यापर्यंत जात. आम्हा तिघा भावंडांची शिक्षणे, दोघींची लग्ने, राहते घर, सगळे त्या कमाईतून झाले. त्यांच्या अमृतमहोत्सवाला एक छोटी पुस्तिका काढावी असे आमच्या मनात आहे. पण मी समोर बसून विचारले की ते म्हणतात, "त्यात काय सांगायचं? गाडी चालवली." लहानपणी ते महिन्यातून चार-पाच दिवसच घरी असत, त्यामुळे आमच्याकडेही आठवणी थोड्याच आहेत. त्यांचे आयुष्य लिहायचे कसे?
(एक मुलगी, नाशिक रोड)

उत्तर : "गाडी चालवली" हे उत्तर टाळाटाळीचे आहे असे मला वाटत नाही. इतक्या वर्षांत त्यांना जे प्रश्न विचारले गेले ते सगळे मालाविषयी होते : गाडी कधी पोचली, माल भिजला का, डिझेल किती लागले, गाडी किती दिवस खोळंबून राहिली. "तुम्हाला तेव्हा काय वाटायचे" हे त्यांना कोणी कधी विचारलेच नाही, आणि आता मुलीने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ते अचानक विचारले, तर कुठून सुरुवात करावी हे त्यांना कळणार नाही. म्हणून भावनांविषयी विचारू नका. कामाविषयी विचारा, आणि तेही अगदी नेमके विचारा. कांद्याच्या गोण्या भरून झाल्यावर ताडपत्री आधी कोणत्या बाजूने ओढायची, रस्सा कुठे अडकवून कसा आवळायचा, पावसात माल भिजू नये आणि तरीही आतली हवा खेळती राहून कांदा सडू नये यासाठी काय करायचे, हे विचारून पाहा. तोंडाने सांगण्याआधी ते हातांनी दाखवू लागतील. तिथून पुढे तुम्हाला फारसे विचारावे लागणार नाही, असा माझा अनेक घरांतला अनुभव आहे.

त्यांची पहिली गाडी कोणती होती, तेही विचारा. टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली होती. तो करार १९६९ मध्ये संपला, तरी त्या टाटा-मर्सिडीज बेंझ गाड्या सत्तरच्या दशकात रस्त्यावर भरपूर होत्या आणि तुमचे वडील क्लीनर म्हणून चढले ती गाडी त्यांपैकीच असण्याचा संभव आहे. त्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हते. कंपनीकडून बहुधा नुसती चेसिस (चाके, इंजिन आणि खालचा सांगाडा) यायची आणि केबिन गावातल्या बॉडीबिल्डरकडे लाकडी सांगाड्यावर बांधून घेतली जायची. इंजिनाची धग थेट पायांना लागायची, आणि भरलेली गाडी वळवताना खांदे भरून येत. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. तुमच्या वडिलांची सगळी उमेद त्याआधीच्या केबिनमध्ये गेली. त्यांचा उजवा हात डाव्या हाताच्या शेजारी ठेवून पाहा. खिडकीच्या बाजूचा हात आणि चेहऱ्याची ती बाजू अधिक रापलेली, अधिक सुरकुतलेली दिसेल. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. अठ्ठावीस वर्षे माल पोचवण्याचा ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा किती तरी म्हातारी झाली होती, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो आणि काचेतून सूर्यकिरणांतला त्वचेला जून करणारा भाग आत येतच राहतो. पुस्तिकेत वडिलांच्या दोन्ही हातांचे एक छायाचित्र आवर्जून घाला.

तारखा आणि साल यांच्या मागे लागू नका. चालकाची आठवण गावांनी आणि घाटांनी बांधलेली असते. जुन्या मुंबई-आग्रा महामार्गाचा नकाशा समोर पसरा आणि नाशिकपासून बोट फिरवत मालेगाव, धुळे, सेंधव्याचा बिजासन घाट, इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर असे पुढे न्या. कुठे जेवायचे, कुठे अंघोळ करायची, कोणत्या ढाब्यावर बाजेवर दोन तास निर्धास्त झोप मिळायची, ग्वाल्हेरच्या पुढचा चंबळचा पट्टा रात्री एकट्याने पार करायचा की चार गाड्या मिळून, असे विचारत जा. कोलकात्याच्या वाटेसाठी धुळ्याहून जळगाव, अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असा जुना सहा क्रमांकाचा रस्ता घ्या. साल लावायचेच असेल तर सर्वांना ठाऊक असलेल्या घटना मदतीला येतात. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा गाडी कुठे होती? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्या आठवड्यात कोणते भाडे (माल वाहून नेण्याचे काम) होते? २६ जुलै २००५ च्या पावसात ते मुंबईत अडकले होते का? अशा दिवशी गाडी नेमकी कुठे उभी होती, हे सहसा कोणी विसरत नाही.

कागदपत्रे शोधा. पुस्तकी परवाना जपलेला असेल तर ती मोठी ठेव समजा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परिवहन वाहनाचा परवाना २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत दर तीन वर्षांनी नव्याने करून घ्यावा लागे, त्यामुळे त्यातल्या एकेका नूतनीकरणाच्या शिक्क्यावर कामकाजाच्या वर्षांचा माग लागतो. त्याहून मोलाची असते ती हिशेबाची वही. खेप संपवून आल्यावर शेठजींसमोर ही वही उघडली जाई : डिझेल इतके, पंक्चर इतके, हमाली इतकी, नाक्यावर इतके, भत्ता इतका. तो भत्ता नीट पाहा. वाटेतल्या जेवणखाणासाठी मिळणाऱ्या त्या पैशांतून कित्येक चालकांनी केबिनमध्ये स्टोव्हवर भात शिजवून, एक वेळ चहा-पावावर काढून, घरी पाठवायची रक्कम वाचवली आहे. मुलांच्या शाळेच्या फीची तारीख आणि मनीऑर्डरच्या पावतीची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर त्या माणसाने घर कसे सांभाळले हे स्वच्छ दिसते, आणि मग त्यावर वेगळे विशेषण लिहावे लागत नाही.

वाट पाहण्यात त्यांचे किती आयुष्य गेले, याचाही भाग पुस्तिकेत हवा. लोकांना वाटते की चालक म्हणजे सतत धावणारा माणूस. प्रत्यक्षात माल भरायला थांबणे, उतरवायला थांबणे, परतीचे भाडे मिळेपर्यंत ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर पडून राहणे आणि जकात नाक्याच्या रांगेत गाडी पावला-पावलाने पुढे सरकवणे यांतच दिवस निघून जात. मुंबईची जकात बंद झाली ती १ जुलै २०१७ ला, वस्तू आणि सेवा कर आल्यावर. म्हणजे तुमचे वडील निवृत्त झाल्यानंतर. त्यांनी ती रांग शेवटपर्यंत भोगली. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला सर्वसाधारणपणे ८ आणि आठवड्याला ४८ तास काम सांगत होता, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणाऱ्याला तासांचा हिशेब विचारण्याची सोयच नव्हती. तुमच्या आठवणीतले बाबा जर घरी आल्यावर नुसते झोपलेलेच असतील, तर ते तसेच लिहा. ते घरात असूनही तुमच्याशी बोलत नव्हते याचे कारण त्या झोपेत आहे.

घराशी बोलणे कसे होई, हा प्रश्न तुमच्या आईलाही विचारा. पोस्टकार्डे, गल्लीतल्या किराणा दुकानाच्या फोनवर आलेला निरोप, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावी दिसू लागलेले एसटीडीचे पिवळे बूथ, नंतर मोबाइल. २००३ मध्ये इनकमिंग मोफत होईपर्यंत आलेला फोन उचलायलाही पैसे पडत, त्यामुळे सेंधवा ओलांडल्याचा एक मिस्ड कॉल, इंदूरला पोचल्याचा दुसरा, असे ठराव घराघरांत होते. तुमच्या घरचा ठराव काय होता, हे लिहून ठेवण्यासारखे आहे.

एक विषय जपून हाताळा. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. चार दशके महामार्गावर असलेल्या माणसाने यांतले फार काही डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि त्यात कधी कधी त्याचे सोबतीही असतात. घरातले जन्म, मृत्यू, आजारपणे त्याच्याविना पार पडलेली असतात. याविषयी एकदा हलकेच विचारा, ते गप्प राहिले तर तिथेच थांबा, आणि ती शांतता मोडण्यासाठी घाईने दुसरा प्रश्न टाकू नका. त्यांनी न सांगितलेले पुस्तिकेत येऊ नये.

आणि शक्य असेल तर त्यांना घेऊन एकदा कसारा घाट उतरा. त्यांना पुढच्या सीटवर बसवा. इगतपुरीला घाटनदेवीपाशी थांबा, मग घाटातून सावकाश खाली या. भरलेली गाडी ज्या गेअरमध्ये चढली असती त्याच गेअरमध्ये उतरवायची, डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करायचे नाही, कारण नुसत्या ब्रेकवर उतरले तर ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात. हे ते कोणत्या वळणावर सांगतात ते लक्षात ठेवा, बहुधा तिथे काहीतरी घडलेले असेल. परतताना समृद्धी महामार्गाने या. जून २०२५ मध्ये खुल्या झालेल्या शेवटच्या टप्प्यात इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे आणि ज्या चढणीने त्यांची उमेदीची वर्षे खाल्ली ती तिथे काही मिनिटांत संपते. घरात खुर्चीवर बसून न बोलणारी माणसे समोर रस्ता असला की बोलतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

पुस्तिका त्यांच्याच भाषेत राहू द्या. "त्यांनी अपार कष्ट उपसले" अशी वाक्ये तुम्ही कितीही मनापासून लिहिलीत तरी ती कोणाच्याही वडिलांना लागू पडतात. ताडपत्रीची गाठ मात्र त्यांची एकट्याची असते.

प्रश्न : आमचे वडील ६७ वर्षांचे आहेत आणि अजूनही स्वतःची सहाचाकी चालवतात. मधुमेह आहे, रात्री मोठ्याने घोरतात, दुपारी बसल्या जागी डुलकी लागते. परवान्याची मुदत तीन महिन्यांनी संपते आहे. आम्ही दोघे भाऊ म्हणतो की आता पुरे झाले. ते म्हणतात, "गाडी सोडली की मी आठ दिवसांत अंथरूण धरीन." कायद्याने या वयात परवाना मिळतो का, आणि मिळत असला तरी आम्ही काय करावे?
(दोन भाऊ, कराड)

उत्तर : कायद्याने वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परिवहन वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी डॉक्टरांनी भरलेले नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवस सवलतीचे मिळत, ते आता मिळत नाहीत. मुदत संपल्यानंतर गाडी रस्त्यावर काढली आणि काही घडले, तर विम्याच्या दाव्यातही अडचण उभी राहते. मुदत संपून वर्ष उलटले तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. तेव्हा निर्णय काहीही होवो, तो या तीन महिन्यांतच घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न. ते वैद्यकीय प्रमाणपत्र पाच मिनिटांत सही करून देणाऱ्याकडून आणू नका. तुम्ही सांगितलेली घोरण्याची आणि दिवसा डुलकी लागण्याची लक्षणे एकत्र दिसतात तेव्हा झोपेत श्वास अडण्याचा विकार असण्याची दाट शंका येते. अशा माणसाला आपण रात्रभर झोपलो असे वाटते, पण मेंदूला विश्रांती मिळालेली नसते, आणि स्टिअरिंगवर दोन-तीन सेकंद डोळा लागणे भरलेल्या गाडीला पुरेसे असते. हा विकार तपासता येतो आणि त्यावर उपचारही आहेत. त्याबरोबर डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्या, कारण मधुमेहाने पडद्यावर होणारा परिणाम आणि मोतीबिंदू या दोन्हींचा त्रास रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात सर्वांत आधी जाणवतो. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण चुकल्यावर काय होते, हे डॉक्टरांनी त्यांना तुमच्यासमोर समजावून सांगावे. मुलांचे म्हणणे ते धुडकावतील, पण तपासणीचा अहवाल धुडकावणे त्यांनाही जड जाईल. आयुष्यभर त्यांनी गाडीचे पासिंग वेळेवर करून घेतले आहे, तेव्हा तपासणीची भाषा त्यांना परकी नाही.

अहवाल वाईट आला तर गाडी चालवणे थांबलेच पाहिजे, आणि तिथे मी तुमच्या बाजूने ठामपणे उभा आहे. त्यांच्या जिवाइतकाच समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या कुटुंबाचा जीव मोलाचा आहे. अहवाल बरा आला तर मात्र एका दिवसात सगळे काढून घेऊ नका. आधी रात्रीच्या खेपा बंद, मग घाट आणि लांब पल्ला बंद, मग केवळ जवळची ओळखीची भाडी, असे वर्षा-दोन वर्षांत उतरत या. चावी लपवणे, बॅटरी काढून ठेवणे असले प्रकार करू नका, त्याने बाप-लेकांतला विश्वास जातो आणि तो पुन्हा येत नाही. गाडी विकण्याऐवजी तिच्यावर एखादा तरुण चालक ठेवता आला तर पाहा, आणि वडिलांना शेजारच्या सीटवरून त्याला घडवू द्या. भाडी ठरवणे, टायर कधी बदलायचे ते पाहणे, गाडीच्या आवाजावरून बिघाड ओळखणे ही कामे त्यांच्याकडेच राहिली तर "गाडी सोडली" असे त्यांना म्हणावेच लागणार नाही.

प्रश्न : माझे वडील एकाच वाहतूकदाराकडे सलग २२ वर्षे चालक होते. २०२३ मध्ये वय झाले म्हणून काम सुटले, तेव्हा शेवटचा पगार १८,००० रुपये होता. एक शाल आणि नारळ यांपलीकडे त्यांना काहीही मिळाले नाही. मालकाकडे तेव्हा पंचवीस-तीस माणसे होती. आज वडील ७१ वर्षांचे आहेत. आता काही मागता येते का?
(एक मुलगा, धुळे)

उत्तर : येते, आणि ते संकोच न करता मागा. त्यांनी काम सोडले तेव्हा १९७२ चा उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होता. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग नोकरी केलेल्याला तो दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देत असे, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरला जाई. तुम्ही दिलेले १८,००० रुपये हे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून असतील तर २२ वर्षांची रक्कम सुमारे २ लाख २८ हजार रुपये होते. अर्ज उशिरा केला एवढ्याच कारणावरून हक्क बुडत नाही. आधी मालकाकडे नमुना "आय" मध्ये लेखी अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवा, आणि दाद लागली नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात उशिराचे कारण देऊन अर्ज करा. खेपेवर पैसे मिळत होते म्हणून ते नोकर नव्हते, असे सांगितले जाईल. ते मान्य करू नका. जितके काम तितके वेतन घेणाऱ्यांसाठी शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी धरण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. पुरावा म्हणून बँकेतल्या नोंदी, मालकाच्या नावाच्या बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या) ज्यांवर चालक म्हणून वडिलांचे नाव आहे, वाहतूक पोलिसांची जुनी चलने, असे जे हाती लागेल ते जमवा.

वीस किंवा अधिक माणसे असल्यामुळे भविष्य निर्वाह निधीही लागू व्हायला हवा होता. कधीकाळी पगारातून कपात झाली असेल तर जुना खाते क्रमांक घेऊन निधीच्या कार्यालयात चौकशी करा, कारण दहा वर्षांची नोंद निघाली तर निवृत्तिवेतनाचा हक्क उभा राहतो. आणि हे चालू असतानाच वडिलांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण त्यावर मिळते.

प्रश्न : चालकांच्या कष्टांबद्दल सगळे बोलतात. माझे यजमान अडतीस वर्षे गाडीवर होते, आणि तेवढी वर्षे घर मी एकटीने ओढले. सासूबाईंचे आजारपण, मुलांच्या परीक्षा, रेशन, घराचे बांधकाम, सगळे मीच पाहिले. आता ते सहा वर्षांपासून घरी आहेत. माणूस फार चांगला आहे, कधी व्यसन नाही, एक रुपया इकडचा तिकडे केला नाही. पण पहाटे तीनला उठून बसतात, भाजीत मीठ किती इथपासून दाराची कडी कशी लावायची इथपर्यंत सूचना करतात, आणि मला माझ्याच घरात परके वाटू लागले आहे. मुले म्हणतात, "आई, बाबांनी किती केलंय, समजून घे." मी काय करू?
(एक गृहिणी, इचलकरंजी)

उत्तर : ताई, तुमची तक्रार रास्त आहे आणि मुलांनी ती उडवून लावू नये. चालकाचे कुटुंब उभे राहते ते दोन माणसांच्या कामावर, आणि त्यातले घरातले काम कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिलेले नसते. ज्या घरांत वडिलांच्या आठवणी लिहून काढायचे मनात आहे, त्यांनी त्या अडतीस-चाळीस वर्षांत घरी काय चालले होते हा भाग आईकडून, तिच्या शब्दांत, तितक्याच विस्ताराने घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

आता यजमानांविषयी. पहाटे तीनला उठणे ही शरीराला लागलेली सवय आहे. शहरात ट्रक सोडण्याच्या वेळा, बाजारात पहाटेच्या लिलावाआधी माल पोचवणे आणि मोकळ्या रस्त्यासाठी रात्रीच निघणे यांनी ती घडवली आहे. दुपारची झोप कमी करून संध्याकाळी चालायला गेल्यास ती थोडी पुढे सरकते, पूर्ण जाईलच असे नाही. त्या वेळेला त्यांना स्वतःचा चहा स्वतः करून घेता यावा, दूध-साखर कुठे आहे हे ठाऊक असावे, आणि तुम्ही उठायची गरज पडू नये, एवढे आधी ठरवून घ्या.

सूचनांचे कारण वेगळे आहे. केबिनमध्ये प्रत्येक गोष्टीवर त्यांचीच नजर होती, कारण एक नट ढिला राहिला तरी जीव जाऊ शकत होता. ती नजर घेऊन ते घरी आले आणि पाहतात तर इथे सगळे आधीच सुरळीत चाललेले. आपली गरज कुठे आहे हे त्यांना सापडत नाही, म्हणून ते कडी आणि मीठ यांवर बोलतात. त्यांना "जरा मदत करा" असे म्हणू नका. मदतनीसाची जागा त्यांना जमणार नाही आणि तुमचेही काम वाढेल. त्यांना एखादे काम मुळापासून शेवटपर्यंत देऊन टाका. उदाहरणार्थ, आठवड्याचा बाजार. ज्यांनी इतकी वर्षे बाजार समित्यांत माल उतरवला त्यांना कांदा कोणता टिकेल हे तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक कळते. स्वयंपाकघर मात्र तुमचे आहे, हे एकदा मुलांसमोर, न रागावता आणि स्पष्टपणे सांगा, आणि मुलांनी तिथे तुमची बाजू घ्यावी.

त्या वर्षांत काय काय झाले, हे त्यांनाही पुरते ठाऊक नसेल. धाकट्याला ताप भरला ती रात्र, घराचा स्लॅब टाकला तो दिवस, सासूबाईंना दवाखान्यात नेताना रिक्षा कोणी आणली, हे तुम्ही त्यांना कधी सांगितले नसेल, कारण ते येत ते झोपायला आणि पुन्हा निघायला. संध्याकाळी चालायला जाल तेव्हा थोडे थोडे सांगा. तक्रारीच्या सुरात सांगायचे नसले तरी काही हातचे राखूनही ठेवू नका. वीजबिल, गॅस आणि बँक यांपैकी निदान एक काम या महिन्यापासून पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा, आणि पहिल्या खेपेला काही चुकले तरी ते काम परत घेऊ नका.